शहापूरच्या शिवणघरातले बॅलेचे पोशाख: हंस, नवरी आणि राधा

बेळगावात गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणारी दुकानं पुष्कळ. गणपत गल्लीपासून खडेबाजारापर्यंत एक चक्कर मारली की शिवाजी महाराज, कित्तूरची राणी, वारकरी, फुलपाखरू, सगळं हाताला लागतं. बॅलेचा पोशाख मागितला की मात्र एकच वस्तू पुढे येते: गुलाबी, चमचमती, कमरेभोवती ताटासारखी आडवी उभी राहणारी झालर. लहान मुलीच्या वाढदिवसाला ती ठीक आहे. पण १९१८ ते १९३९ या दोन महायुद्धांमधल्या वर्षांचा बॅले रंगमंचावर आणायचा असेल, तर तिचा उपयोग नाही. त्या काळातली झालर तशी नव्हतीच.

म्हणून हे परीक्षण शहापुरातल्या एका शिवणघराचं. माग अजून खडखडतात त्या भागात, एका जुन्या घराच्या माडीवर ते चालतं. दाराला पाटी नाही. ‘नाटकवाले मास्तर’ म्हटलं की गल्लीतलं कुणीही जिना दाखवतं. मास्तर, त्यांच्या घरच्या काकू आणि दोन कारागीर एवढाच कारभार आहे. शिलाईची यंत्रं चार आणि ओव्हरलॉक एक. काम मुख्यतः हौशी नाटकवाल्यांचं आणि नवरात्रातल्या घागऱ्यांचं. त्यांच्याकडून एकूण १९ पोशाख शिवून घेतले: रशियन नर्तकी आना पाव्हलोव्हाचा हंस एक, नृत्यदिग्दर्शिका निजिन्स्काच्या लग्नाच्या बॅलेतल्या बायका बारा, समुद्रकिनाऱ्यावरचे पोहणारे चार, आणि राधा-कृष्णाची जोडी. प्रत्येक पोशाख तालमीत आणि प्रयोगात, दिव्याखाली, घामासकट तपासला. खुंटीवर सुंदर दिसणं हा नाचाच्या पोशाखाचा गुण नव्हे.

पहिली गोष्ट चांगली सांगायची ती मापाची. मास्तर टेप लगेच काढत नाहीत. नाचणाऱ्या मुलीला म्हणतात, “हात वर कर बघू बाळ. आता वाक. आता उडी मार की.” मग माप घेतात, आणि तेही दोनदा: हात खाली असताना आणि हात डोक्यावर नेल्यावर. पाठीची लांबी, म्हणजे मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंतचं अंतर, या दोन मापांत दीड-दोन इंच बदलते. छातीचं माप श्वास भरून आणि सोडून वेगळं येतं. नेहमीच्या ब्लाउजाच्या मापाने चोळी शिवली तर हात वर गेल्याबरोबर ती कमरेवरून सुटते आणि खालची झालर एका बाजूने उचलली जाते. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला नाच सोडून तेवढंच दिसत राहतं.

या काळाच्या पोशाखात हीच ओढाताण आहे, म्हणून मापाचं एवढं सांगितलं. रशियन निर्माता दियागिलेव्ह याच्या ‘बॅले रूस’ या नृत्यमंडळीने चित्रकारांना वेषभूषेला बसवलं. १९१९ मध्ये पिकासो, १९२० मध्ये मातिस. चित्रकाराला रंगमंचावर चित्र हवं असतं, नाचणाऱ्याला गुडघा वाकवायला जागा हवी असते. १९२१ च्या नोव्हेंबरात लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात लेऑन बाक्स्तच्या वेषभूषेत निद्रिस्त राजकन्येचा भव्य प्रयोग उभा राहिला, मखमल, जर, पिसं, सगळं ओतून. शंभराच्या वर खेळ होऊनही खर्च निघाला नाही. पोशाख आणि पडदे देण्यापोटी अडकून पडले आणि दियागिलेव्ह लंडन सोडून गेला. दोन वर्षांतच त्याच मंडळीने नुसत्या तपकिरी-पांढऱ्या कापडात आपलं सर्वोत्तम काम केलं. तो मजकूर पुढे येतोच.

आधी हंस. नृत्यदिग्दर्शक फोकीनने तो १९०७ मध्ये बसवला, पण गावोगावच्या लोकांनी तो पाहिला मुख्यतः दोन युद्धांमधल्या वर्षांत. आना पाव्हलोव्हा तो घेऊन बोटीने आणि आगगाडीने जगभर फिरत होती. १९२२-२३ च्या हिवाळ्यात ती हिंदुस्थानातही आली. २३ जानेवारी १९३१ ला द हेगमध्ये तिचं निधन होईपर्यंत तो हंस तिच्याबरोबर राहिला. त्या पोशाखाची झालर मऊ, घंटेसारखी खाली उतरणारी, मांडी झाकून गुडघ्याकडे येणारी. दोन्ही नितंबांवरून मागे वळलेले पिसांचे पंख, आणि छातीवर मधोमध एक लाल खडा. झालरीचं कापड म्हणजे खळ दिलेलं विरळ सुती किंवा रेशमी जाळीचं. नायलॉन बाजारात आलं ते १९४० च्या सुमारास, तेव्हा त्या काळच्या झालरीत नायलॉनची नेट असण्याचा प्रश्नच नव्हता. आज सुती जाळीला खळ देऊन ती झालर करता येईल; पण बेळगावच्या पावसाळ्यात साबुदाण्याची खळ चार दिवसांत ओलावा धरते आणि झालर ओल्या पंच्यासारखी लोंबते. त्यामुळे नेटच वापरावी, फक्त ती कुठली हे नीट ठरवावं.

इथे शिवणघराची पहिली चूक झाली. पहिला नमुना त्यांनी पूर्ण कॅनकॅनचा केला, आणि सवयीने वरच्या थरात तारही घातली. कॅनकॅन म्हणजे घागऱ्याच्या आत फुगवटा यायला घालतात ती कडक नेट. त्याने तीन घोटाळे होतात. झालर ताटासारखी सपाट उभी राहते आणि नाच चाळीस वर्षांनी पुढचा वाटू लागतो. कडा मांडीला ओरबाडतात. आणि आवाज येतो. हंसाच्या नाचात चेलोचा, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्याचा, एक सूर आणि मागे हलकी साथ एवढंच चालू असतं, त्यात कडक नेटची खसखस मागच्या खुर्चीपर्यंत पोचते. मास्तरांनी कुरकुर न करता तो नमुना बाजूला ठेवला आणि दुसरा कापला. तो जमला. त्याचा हिशोब इथे देत आहोत, कारण असा हिशोब मराठीत सहसा सापडत नाही.

कंबर २४ इंच, नितंब ३४ इंच. थर नऊ. सगळ्यात आतल्या, म्हणजे खालच्या थरापासून लांबी इंचांत: ५, ६, ८, ९, ११, १२, १४, १५, १६. नेटचा पन्हा ६० इंच असेल तर प्रत्येक थराला तीन पन्हे जोडायचे, म्हणजे १८० इंचांची पट्टी होते आणि ती ३४ इंचांत चुणायची. पाच पटींहून जास्त चुणी आली की घंटेचा आकार आपोआप धरतो. तीन पटींवर काम भागवलं तर झालर परकरासारखी पडते. खालचे तीन थर कॅनकॅनचे, वरचे सहा मऊ नेटचे. याला कॅनकॅन दीड मीटर आणि मऊ नेट सहा मीटर लागते. कापताना फसतं म्हणून दोन्हीकडे अर्धा मीटर जादा घ्यावी. नेट उभी आणि आडवी ओढून पाहायची. ज्या बाजूने कमी ताणते ती बाजू कमरेकडून बाहेर जाईल अशी पट्टी कापायची. हे उलटं झालं की झालर दोन प्रयोगांत मान टाकते, आणि मग कितीही इस्त्री केली तरी उठत नाही.

चुण्या घालताना १८० इंचांची पट्टी एका दोऱ्यावर ओढायची नाही. दोरा हमखास तुटतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पट्टीचे चार भाग करून खुणा घालायच्या, प्रत्येक भागात दोन समांतर धावदोरे जाड दोऱ्याने, आणि चारही भाग वेगळे ओढून चड्डीवरच्या चार खुणांशी जुळवायचे. हे काम काकूंनी केलं आणि त्यांच्या हातच्या चुण्या मोजून सारख्या होत्या. थर आतल्या सुती चड्डीवर अर्ध्या अर्ध्या इंचावर बसवले, सर्वांत लहान तळाला, सर्वांत मोठा वर. शेवटी थरांना एकमेकांत सैल हातटाक्यांनी अडकवायचं असतं. टाका घट्ट ओढला तर झालरीला खड्डे पडतात, घातलाच नाही तर गिरकीत थर वेगवेगळे फडफडतात. बोटभर सैल, दर सहा इंचांवर एक. शिवणघराने हे टाके वरच्या चार थरांत घातले आणि खालचे सोडून दिले. विचारल्यावर पुढच्या दिवशी पूर्ण करून दिले.

चोळी आठ तुकड्यांची, आतून सुती ड्रिल, वरून सॅटिन. बगलेखालचे तुकडे तिरप्या सुतावर कापले, म्हणजे श्वासाला जागा राहते. मागे चेन नको असा आग्रह धरावा लागला. चेन नाचात फाटते, आणि फाटली की त्या रात्री काही करता येत नाही. हुकाच्या दोन ओळी एक-एक इंचावर लावल्या तर हुक निघाला तरी दुसरा धरतो, आणि पुढच्या वर्षी दुसरी मुलगी तोच पोशाख घालू शकते. आत शिवणीत एक-एक इंच कापड सोडून ठेवलेलं आहे, हे पाहून फार बरं वाटलं. बाजारातल्या तयार पोशाखात अर्धा बोट कापडही सापडत नाही.

पिसांत मात्र घाई झाली. कारागिराने ती गरम गोंदाच्या बंदुकीने चिकटवली. गरम गोंद नेट जाळतो, थंड झाल्यावर कडक गाठ होते, आणि पंख हलला की गाठीशी नेट फाटते. पिसं आधी सुती फितीवर ओळीने शिवायची, मग फीत पंखाच्या मलमलीवर टाचायची. पंख फक्त वरच्या कडेला धरायचे, खाली मोकळे सोडायचे. हात मागे गेला की ते स्वतःहून अर्धा क्षण उशिरा हलतात आणि तिथेच पक्षी दिसतो. दोन्ही पंख पुन्हा बनवून घेतले. त्या नाचात याहून महत्त्वाचा तपशील पोशाखात दुसरा नाही, असं आमचं ठाम मत आहे.

टाइट्सबद्दल एक जुनी युक्ती आजही चालते. त्या काळातल्या रेशमी टाइट्स आजच्यासारख्या ताणत नसत, गुडघ्यावर चुण्या पडत. नाचणारे कमरेशी कापडात नाणं गुंडाळून त्याभोवती फीत बांधत आणि टाइट्स वर ओढून धरत. सैल झालेल्या टाइट्सना रुपयाचं नाणं आजही तेवढंच उपयोगी पडतं. बूट हे शिवणघर करत नाही. ज्या मुलींचं कित्येक वर्षांचं शिक्षण झालेलं नाही त्यांना कडक टोकाचे बूट घालू नयेत, मऊ कापडी चपल्यांत हंस नाचवावा. घोट्याची दुखापत आयुष्यभर राहते.

आता नवरी. १३ जून १९२३ ला पॅरिसच्या गेते-लिरीक नाट्यगृहात ‘ले नोस’, म्हणजे ‘लग्न’, हा बॅले झाला: संगीत स्त्राविन्स्कीचं, चार पियानो, तालवाद्यं आणि गाणारे, नाच ब्रोनिस्लाव्हा निजिन्स्काचा, पोशाख नाताल्या गोंचारोव्हाचे. गोंचारोव्हाने आधी रशियन लोककलेतले भडक, नक्षीदार पोशाख काढले होते. निजिन्स्काने ते नको म्हटले. मग राहिलं ते एवढंच: बायकांना पांढरा सदरा आणि त्यावर तपकिरी बिनबाह्यांचा झगा, पुरुषांना पांढरा सदरा आणि तपकिरी विजार. कशिदा नाही, दागिना नाही. लग्न हा सोहळा नसून एका मुलीला घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवणं आहे, हे त्या नाचाचं म्हणणं. आपल्याकडे पाठवणीची गाणी ज्यांनी ऐकली आहेत त्यांना ते सांगावं लागत नाही. आमच्या मते दोन युद्धांमधल्या सगळ्या बॅलेत हा पोशाख सर्वांत थोर आहे. आणि शिवायला सर्वांत सोपा दिसतो म्हणूनच तो सर्वांत जास्त बिघडतो.

पहिला धोका चमक. दुकानात तपकिरी टेरीकॉट पुढे येतं. हाताला छान लागतं, दिव्याखाली गुडघ्यांवर आणि नितंबांवर चकाकतं, आणि बारा जणींच्या ओळीत बारा ठिकाणी चकाकतं. मास्तरांना मांजरपाट सुचवला आणि तो त्यांना लगेच पटला. जाड, निस्तेज, अंगाला न चिकटणारा. एका झग्याला तीन मीटर, बाराचे ३६, चुकांसाठी तीन जादा, म्हणजे ३९. पण कोरा मांजरपाट पहिल्या पाण्यात मीटरला दोन-तीन इंच आटतो, म्हणून ४२ मीटर घेतला, रात्रभर भिजत घातला, वाळवला आणि मगच रंगाला दिला. भिजवण्याचं काम टाळलं तर पहिल्या धुण्यानंतर झगे आखूड होतात.

दुसरा धोका रंग. इथे शिवणघराची मोठी चूक झाली: कापड एकाच ताक्यातलं होतं, पण रंगवायला दोन घाणे केले, बरंचसं एकदा आणि उरलेलं नंतर. माडीवरच्या ट्यूबलाइटमध्ये दोन्ही एकच दिसत होते. रंगमंचावर आजचे एलईडी दिवे लागले तसे चार झगे लालसर झाले आणि आठ काळपट. १९२३ च्या तापलेल्या तारेच्या दिव्यात पिवळा उजेड भरपूर असे, तपकिरी रंग त्यात ऊबदार दिसे. एलईडीत प्रत्येक रंगाचा दिवा वेगळा असतो, त्यामुळे दोन घाण्यांतला बारीक फरकही उघडा पडतो. उपाय एकच: सगळं कापड एका भांड्यात, आणि कापण्याआधी हातभर तुकडा नाट्यगृहात नेऊन ज्या दिव्यात नाच होणार त्याच दिव्यात पाहायचा. शिवणघराने सगळे झगे एक छटा गडद करून पुन्हा रंगवले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. बाराही जुळले. मात्र नऊ दिवस गेले.

तिसरी गोष्ट हालचालीची, आणि ती मास्तरांनी आपणहून केली. या नाचात मुठी आवळलेल्या असतात, हात कोपरात वाकवून डोक्यापर्यंत जातात, बायका एकमेकींवर डोकी ठेवून उतरंड रचतात. सदऱ्याच्या बगलेत चौकोनी कळी नसेल तर प्रत्येक वेळी सदरा झग्यातून बाहेर ओढला जातो. मास्तरांनी तीन इंचांच्या कळ्या घातल्या आणि सदरा आतून चड्डीला जोडून टाकला. झग्याच्या बाजूंना दोन लपलेल्या चुण्या दिल्या, उडी मारली की उघडतात, उभं राहिलं की मिटतात. लांबी कमरेपासून मोजली नाही. प्रत्येकीला नाचाच्या चपला घालून उभं केलं आणि जमिनीपासून १० इंचांवर खडूने खूण केली. मुलींची उंची वेगवेगळी, पण ओळीत झग्यांची कड एका दोरीत. ही पद्धत ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे समूहनृत्याचे पोशाख डोळे मिटून द्यावेत.

नवरीच्या लांब वेण्या तागाच्या केल्या होत्या. ताग सुंदर पडतो, पण त्याची कुसं गळतात आणि नाचणाऱ्यांच्या घशात जातात. सुती दोऱ्याच्या करून घेतल्या, प्रत्येकी दोन मीटर, मुळाशी टोपीला शिवलेल्या. वेणी केसांना बांधली की सगळा भार टाळूवर येतो. टोपीला शिवली की भार डोकंभर वाटला जातो.

किनाऱ्यावरच्या चौघांबद्दल थोडक्यात. ‘ले ट्रें ब्लू’ हा बॅले २० जून १९२४ चा, नाच पुन्हा निजिन्स्काचा, संगीत फ्रेंच संगीतकार मियोचं, पोशाख कोको शानेलचे: विणलेले पोहण्याचे कपडे, टेनिसचा आणि गोल्फचा वेष, बाजारात मिळतात तसेच. तिथेच अडचण झाली होती. विणलेलं कापड घामाने सैल झालं की उचलणाऱ्याच्या हातात मुलगी यायच्या ऐवजी कापड येतं. या शिवणघराकडे ताणणारं कापड शिवण्याचं यंत्र नाही. साध्या टिपेने शिवलेल्या होजिअरीच्या शिवणी पहिल्याच तालमीत तडतडल्या. हे काम क्रिकेट-कबड्डीच्या जर्सी शिवणाऱ्याकडे द्यावं, आणि उचलण्याच्या जागी, म्हणजे कमरेला, आतून न ताणणारी चार इंचांची सुती पट्टी लावून घ्यावी. इथे देऊ नये.

दोन कामांना मास्तरांनी नकार दिला आणि तो योग्यच होता. एक, जर्मन कलावंत ऑस्कर श्लेमरच्या १९२२ च्या त्रिखंडी बॅलेतला तारेचा आणि फुगवलेल्या गोलांचा पोशाख; ते शिंप्याचं काम नव्हे, मूर्तिकाराचं आहे, आणि बेळगावात गणपतीचे मखर करणारे हात ते जास्त चांगलं करतील. दुसरं, १९२७ च्या मांजरीच्या बॅलेतला पारदर्शक पोशाख. गाबो आणि पेव्हस्नर या शिल्पकारांनी तो सेल्युलॉइडचा, म्हणजे जुन्या फिल्मच्या प्लॅस्टिकचा, केला होता, दिव्यात काचेसारखा चमकणारा. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, त्यामुळे ते वापरायचंच नाही. त्याऐवजी टेबलावर घालतात ते जाड पारदर्शक प्लॅस्टिक घेऊन पाहिलं, तर दहा मिनिटांत आतून वाफ धरते, धूसर होतं आणि प्रत्येक पावलाला करकरतं.

राधेचा घागरा या शिवणघराचं सर्वांत उत्तम काम. पाव्हलोव्हा हिंदुस्थानातून परतल्यावर लंडनमध्ये तिला उदय शंकर भेटले, रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकणारा तरुण. १९२३ च्या सप्टेंबरात कॉव्हेंट गार्डनला तिच्या पौर्वात्य नृत्यमालिकेत दोघं राधा-कृष्ण म्हणून उभे राहिले. त्यानंतरची वर्षं बॅले या शब्दाला आपल्याकडे वेगळा अर्थ देणारी ठरली. १९३१ मध्ये उदय शंकरांची मंडळी पॅरिसला नाचली. मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी, मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या संचालकांच्या पत्नी, यांनी कथकचा बॅले उभा केला, तो १९३६ मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत गाजवला आणि मग खंडाळ्याला शाळा काढली. खंडाळ्याचं हे नाव मराठी माणसाच्या ओठांवर फारसं येत नाही, याची खंत वाटते.

घागरा १६ कळ्यांचा. प्रत्येक कळी वर ३ इंच, खाली १४ इंच, लांबी ३८ इंच. शिवणी जाऊन घेर साधारण साडेपाच मीटर. कळीच्या दोन्ही कडा तिरप्या सुतावर येतात आणि टांगल्या की स्वतःच्या वजनाने ओघळतात. म्हणून घागरा शिवून झाल्यावर दोन दिवस टांगून ठेवायचा, मग खालची कड समान करून मगजी लावायची. दुसऱ्या दिवशी मोजलं तर काही कळ्या पाऊण इंच उतरलेल्या होत्या. घाईने आदल्या रात्री मगजी मारणाऱ्या दुकानांतले घागरे लाटांसारखे वरखाली दिसतात ते यामुळेच. मगजी तीन इंच रुंद, आत सुती पट्टी. एवढ्या वजनाने गिरकी थांबल्यावर घागरा पायांभोवती एक फेरा जादा घेऊन मग स्थिरावतो. तो एक फेरा पाहण्यासाठी सगळा खटाटोप असतो.

ओढणीला पिना लावल्या की जर फाटते. काकूंनी खांद्यावर, कमरेला आणि अंबाड्याशी चाप-बटणं आतून लावली, शिवाय प्रत्येक बटणामागे मलमलीचा छोटा तुकडा. कृष्णाचं धोतर शिवलेलं आहे, पण निऱ्या खऱ्या; आतून चड्डीला जोडलेल्या आणि काष्टा वेगळा. नेसलेल्या धोतराची सगळी खूण त्यात दिसते आणि झेप घेताना सुटत नाही. सीमाभागातल्या कारागिराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर इथल्याच गुर्लहोसूरचे, आणि संगीत नाटकाचे कपडे या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शिवले गेले. १९२० मध्ये बालगंधर्वांची मंडळी ‘द्रौपदी’वर भरमसाट खर्च करत होती, खरे शालू, खरी जर; आणि पुढल्याच वर्षी लंडनमध्ये दियागिलेव्ह निद्रिस्त राजकन्येपायी कर्जात बुडाला. दोघांनाही खोटं कापड रंगमंचावर सहन होत नव्हतं. या घागऱ्याची जर मात्र खोटी आहे. सहाव्या रांगेपासून फरक दिसत नाही, पहिल्या रांगेत दिसतो.

दर असे पडले: हंस ६,५०० रुपये, पिसांसकट. निजिन्स्काचा झगा आणि सदरा मिळून १,१५०. राधेचा घागरा, चोळी, ओढणी ४,२००; कृष्णाचा जोड २,३००. निम्मी रक्कम आधी. भाव करत बसू नये, चुण्यांना आणि हातटाक्यांना लागणारे तास पाहता दर कमीच आहेत. कबूल केलेल्या तारखेपेक्षा अकरा दिवस उशीर झाला, त्यातले नऊ रंगाचे. फोन दुपारी उचलत नाहीत. संध्याकाळी सहानंतर माडीवर जाणं बरं. मराठी, कन्नड दोन्ही चालतं. फोटो दाखवून ‘असंच हवं’ म्हणू नये. नाचणारीला घेऊन जावं आणि नाचून दाखवावं, मग मास्तर स्वतः चार सूचना करतात आणि त्या ऐकण्यासारख्या असतात.

नवरात्रात ते घागऱ्यांत बुडालेले असतात आणि दिवाळीत आठवडाभर बंद. डिसेंबरातल्या गॅदरिंगसाठी दसरा झाल्याझाल्या माप द्यावं, पहिली फिटिंग दिवाळीआधी उरकावी. कापड स्वतः आणून देणार असाल तर खळ काढून, भिजवून, वाळवूनच न्या.

प्रयोगानंतर चोळी उलटी करून सावलीत वाळवावी, घाम सुकू द्यावा, मगच आत ठेवावी. नेटला कडक इस्त्री लावू नये, वितळते. लांबून वाफ पुरे. हंसाची झालर चड्डीच्या बाजूने उलटी टांगावी, म्हणजे थर उलट दिशेला पडून पुन्हा उभारी धरतात. जागा नसेल तर पाट अंथरून सपाट ठेवावी, वर काही रचू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत बेळगावच्या पावसात सुती चोळीवर बुरशी हमखास येते. जुन्या सुती लुगड्यात बांधून ठेवावं. डांबराच्या गोळ्या घागऱ्याच्या जरीला लागू देऊ नयेत, जर काळवंडते. गोळ्या वेगळ्या पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवाव्यात आणि श्रावण सरला की पेटी उघडून सगळे पोशाख एक दिवस वाऱ्यावर टांगावेत.